काम तिथं, आपण इथं



गेल्या वेळी परसातल्या शेवग्याबद्दल लिहिलं होतं, या वेळी संगणकाबद्दल लिहितोय. घरातली निम्मी मंडळी म्हणतील, 'नानांना आता हे कुठून सुचलं?' आणि संगणकाच्या धंद्यातले भाचे-पुतणे म्हणतील, 'यात नवीन ते काय?' दोघांनीही जरा धीर धरावा. पहिल्यांना हे ठाऊक नाही म्हणून लिहितोय. दुसऱ्यांना ठाऊक आहे, पण त्याचं खरं मोल कळलेलं नाही असं माझं मत आहे, म्हणूनही लिहितोय.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. आपण संगणकावर लावलेलं काम आणि ते बघण्याची आपली खिडकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. खिडकी मिटली, वीज गेली, माणूस उठून गेला तरी काम थांबता कामा नये. आणि माणूस परत आला की जिथं सोडलं होतं तिथूनच त्याला पुढं चालता आलं पाहिजे. हे साधणारं एक जुनं साधन आहे. त्याच्या जातीचं नाव टर्मिनल मल्टिप्लेक्सर, आणि मी वापरतो त्याचं नाव टीमक्स. ज्यांचा वेळ स्वतःच्या हातात नसतो अशा माणसांनी, म्हणजे तान्हं मूल असलेल्या आयांनी, घरात आजारी माणूस असलेल्यांनी आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यांनी ते शिकून घ्यावं असं मला वाटतं. तरुणांची त्यात सोय होते. आमची त्यात गरज भागते.

आता हा मास्तर काळ्या पडद्यासमोर बसून करतो काय, ते सांगायला हवं. मी जुन्या मराठी पुस्तकांची पानं मजकुरात आणतो. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी त्याची पुस्तकं सर्वांची होतात. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, म्हणजे त्यांच्या कादंबऱ्या केव्हाच सर्वांच्या झाल्या. अशा पुस्तकांची स्कॅन केलेली पानं मिळतात, पण ती नुसती चित्रं असतात. त्यांत शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठं करून वाचायला सोपं पडत नाही. त्या चित्रांमधली अक्षरं ओळखून मजकूर तयार करणारा टेसरॅक्ट नावाचा एक मुक्त प्रोग्राम आहे. तो मुळात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झाला, २००५ साली सर्वांना खुला झाला, आणि तो मराठीही वाचतो. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून तर जोडाक्षरंही बऱ्यापैकी ओळखतो. तो चुकतो, 'घ' चा 'ध' करतो, अनुस्वार खातो, पण अशा चुका तपासण्यात माझा जन्म गेलाय. वह्या बंद झाल्या आणि ही पानं सुरू झाली एवढंच.

हे काम माझ्या जुन्या लॅपटॉपवर होत नाही. भाच्याने भाड्याने घेतलेला एक छोटा सर्व्हर आहे, कुठल्या तरी दूरच्या खोलीत रात्रंदिवस चालू असतो, त्यावर त्याने मला खातं उघडून दिलंय. मी इथून एसएसएच नावाच्या मार्गाने त्यात शिरतो, आज्ञा देतो, आणि तीनशे पानांचं पुस्तक दीडएक तासात वाचून होतं.

हा दीड तास सलग बसायला मला मिळत नाही. नातेवाईकांना ठाऊकच आहे, पण ब्लॉगवरच्या मित्रांसाठी सांगतो. सौ.ला २०२१ मध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं थोडं आलंय, चालणं आलेलं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, चमच्याने पाणी पाजायचं, हातापायाचे व्यायाम द्यायचे. मदतीला बाई येतात त्या सकाळच्या तीन तासांपुरत्या. बाकी वेळ तिच्या डाव्या हाताशी देवघरातली घंटी ठेवलेली असते. ती वाजली की मी उठतो, मग काम कुठल्याही टप्प्यावर असो. ही तक्रार नाही. आमचं वेळापत्रक असं आहे, इतकंच.

अशा माणसाने लांबलचक काम हाती घेऊच नये, असं कुणी म्हणेल. मला ते मान्य नाही. मोठी कामं फक्त सलग वेळ असलेल्यांची असं ठरलं, तर घरात माणूस सांभाळणाऱ्यांनी आयुष्यभर किरकोळच करत राहायचं. त्यात बहुतेक बायकाच असतात हे वेगळं सांगायला नको.

आता मूळ अडचण कुठं आहे बघा. आपण एसएसएचने दूरच्या संगणकात शिरतो तेव्हा तिथं आपल्या नावाने एक टर्मिनल उघडतं. आपण लावलेलं प्रत्येक काम त्या टर्मिनलला बांधलेलं असतं. इथं लाइट गेली, राउटर बंद पडला, लॅपटॉप मिटला की ती जोडणी तुटते. जोडणी तुटली हे लक्षात आलं की तिथली प्रणाली त्या टर्मिनलवरच्या कामांना एक इशारा पाठवते. त्या इशाऱ्याचं नाव आहे 'हँगअप'. हा शब्द टेलिफोनचा. पूर्वी टेलिफोनच्या तारेवरून, मोडेममधून संगणकाशी बोलत. पलीकडच्या माणसाने फोन ठेवला, म्हणजे तो गेला, म्हणजे त्याची कामं आता बंद करावीत, असा त्या काळचा सरळ हिशेब. फोन गेला, तारा गेल्या, पण नियम राहिला. हा इशारा मिळाल्यावर काय करायचं हे प्रोग्रामला वेगळं शिकवलेलं नसेल तर तो मुकाट्याने मरतो. पान २१२ वर असलं तरी मरतो.

म्हणजे संगणकाने असं गृहीत धरलंय की माणूस निघून गेला म्हणजे त्याला काम नको आहे. माझा वाद आहे तो या गृहीताशी. उठून जाणं म्हणजे सोडून जाणं नव्हे.

टीमक्स काय करतो? तो दूरच्या संगणकावर स्वतःच एक कारभारी होऊन बसतो. आपली कामं तो स्वतःच्या टर्मिनलांना बांधून घेतो आणि आपल्याला फक्त त्यांचं दर्शन घडवतो. आपली जोडणी तुटली तर दर्शन बंद होतं, कारभारी जागेवरच असतो. हँगअपचा इशारा आलाच तर तो दर्शन घडवणाऱ्या तुकड्याला येतो, कामापर्यंत पोचतच नाही. कामाच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं. तासाने या, उद्या या, दुसऱ्या गावाहून दुसऱ्या संगणकावरून या, तोच पडदा तसाच पुढं सरकलेला दिसतो.

ही कल्पना काही टीमक्सवाल्यांचीच नव्हे. त्याआधी 'स्क्रीन' नावाचा प्रोग्राम होता आणि आजही आहे. तो १९८७ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ओलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान या दोघांनी लिहिला. टीमक्स २००७ मध्ये निकोलस मॅरियट यांनी लिहिला, आणि २००९ मध्ये ओपनबीएसडी या प्रणालीने तो आपल्या मूळ संचातच घेतला. मल्टिप्लेक्स हा शब्द तर तारायंत्राच्या जमान्यातला. एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश पाठवायची युक्ती फ्रान्समध्ये बोदो यांनी १८७० च्या दशकात काढली. तार एक, बोलणारे अनेक, आणि कुणाचं बोलणं कुणात मिसळत नाही. इथंही तेच. आपली जोडणी एक, तिच्यातून अनेक टर्मिनलं.

मला हे पटकन समजलं त्याचं कारण संगणक नव्हे, जोडवर्ग.

नोकरीची पहिली सहा वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. बी.ए. तिथं असतानाच बाहेरून केलं, पुढे बी.एड. करून हायस्कुलात गेलो. त्या शाळेत शिक्षक दोन आणि वर्ग चार. तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. सहकारी रजेवर असले की चारही वर्ग माझ्याच गळ्यात. ज्यांनी जोडवर्ग घेतलेत त्यांना ठाऊक आहे, तिथं चार वर्गांना एकदम शिकवता येत नाही. कुणालाच येत नाही. करायचं असतं ते असं की चौथीला गणितं घालायची, तिसरीला शुद्धलेखन द्यायचं, दुसरीला पाढे म्हणायला बसवायचं आणि मग पहिलीच्या पोराचा हात धरून 'अ' गिरवून घ्यायचा. तुमचं लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी, पण काम चारही ठिकाणी चालू. आणि पहिलीकडून चौथीकडे वळलात की चौथी जिथं पोचली असेल तिथूनच पुढं. 'चला, पुन्हा पहिल्या गणितापासून' असं म्हणायचं नाही.

म्हणून टीमक्स म्हणजे एका वेळी दहा कामं करायचं यंत्र असं कुणी सांगितलं तर मी सहमत नाही. माणसाचं लक्ष एकच असतं. ते एका ठिकाणी असताना बाकीच्यांना आपल्या नजरेवाचून चालू राहू देणं, हे या साधनाचं खरं काम आहे. पोरांवर विश्वास टाकून पाठ फिरवता आली तरच जोडवर्ग चालतो.

हेच तावदानांनाही लागू. टीमक्समध्ये एक पडदा उभा-आडवा चिरून त्याचे भाग करता येतात. इंग्रजीत त्या भागाला जो शब्द आहे तो खिडकीच्या काचेचा, म्हणून मी त्याला तावदान म्हणतो. भाचा त्याच्या पडद्यावर सहा-सहा तावदानं उघडतो. मला ते रेल्वे स्टेशनवरच्या फलकासारखं वाटतं. माझा नियम फळ्याचा आहे. गणिताच्या तासाला आम्ही फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ मारायचो. डावीकडे उदाहरण आणि उजवीकडे कच्चं काम. दोन्हीकडे एकच गणित. उजवीकडचा गुणाकार पाहून डावीकडची पायरी लिहायची. कुणी डावीकडे गणित आणि उजवीकडे भूगोल लिहीत नसे.

तसंच इथं. डाव्या तावदानात टेसरॅक्टचं काम, कितवं पान चालू आहे ते सरकताना दिसतं. उजव्या तावदानात तयार झालेल्या पानांची यादी, कुठलं पान रिकामं निघालं, कुठल्या पानाचा मजकूर संशयास्पद लहान आहे ते बघणं. एकाच कामाच्या दोन बाजू. दोन वेगळी कामं असतील तर त्यांना दोन वेगळी सत्रं करावीत आणि वेगळी नावं द्यावीत. रेघ फळ्यावर मारायची, डोक्यात नाही.

सत्र हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. टीमक्समध्ये सगळ्यात बाहेरचं खोकं म्हणजे सेशन. त्याच्या आत खिडक्या, खिडक्यांच्या आत तावदानं. शाळेतही तास संपतो पण सत्र संपत नाही. घंटा झाली म्हणून मराठीचा धडा पहिल्या ओळीपासून सुरू करणारा मास्तर कुणी पाहिलाय का? उद्याच्या तासाला पोरंच सांगतात, 'गुरुजी, तिसरा परिच्छेद झालाय.'

शिकायला किती लागतं? मला चार-पाच गोष्टींवर वर्षं काढता आली आहेत. 'टीमक्स न्यू', पुढे वजा-एस आणि आपण ठरवलेलं नाव, असं टंकलं की त्या नावाचं सत्र सुरू. उठायची वेळ झाली की कंट्रोल आणि बी एकत्र दाबून सोडायचं आणि मग डी दाबायचं. आपण बाहेर, काम आत चालू. परत आल्यावर 'टीमक्स एलएस' म्हटलं की चालू सत्रांची यादी मिळते. 'टीमक्स अटॅच', वजा-टी आणि नाव, की पुन्हा त्याच जागी. तावदानासाठी कंट्रोल-बी आणि मग टक्क्याचं चिन्ह दाबलं की उभी रेघ, दुहेरी अवतरणचिन्ह दाबलं की आडवी. एका तावदानातून दुसऱ्यात जायला कंट्रोल-बी आणि बाणाची कळ. डोळ्यांना गर्दी सोसत नसेल तर कंट्रोल-बी आणि झेड. असाल ते तावदान पडद्याभर होतं आणि पुन्हा तेच दाबलं की पूर्ववत. काहीच आठवलं नाही तर कंट्रोल-बी आणि प्रश्नचिन्ह, सगळ्या कळांची यादी समोर येते. लिनक्सच्या उबुंटू-डेबियनसारख्या प्रकारांत एका आज्ञेत हे बसतं, पैसे पडत नाहीत. आणि लाइट गेली तर कंट्रोल-बी, डी करायचीही गरज नाही. जोडणी तुटली तरी परिणाम तोच.

आणखी एक उपयोग मला फार आवडतो. एकाच सत्राला दोन ठिकाणांहून एकदम जोडून घेता येतं. मी इथून आणि भाचा पुण्याहून त्याच खात्यात शिरतो. मी टंकलेलं अक्षर त्याला दिसतं, त्याने टंकलेलं मला. फोनवर 'मामा, आता एंटर दाबा, नाही नाही, थांबा' असलं काही होत नाही. पहिलीच्या पोराचा हात धरून गिरवून घेण्याचाच हा प्रकार, फक्त या वेळी हात माझा. दूर राहणाऱ्या मुलांनी आईबापांना संगणक शिकवायचा तर यापेक्षा शांत रीत मला माहीत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की हल्ली सगळं आपोआप साठवलं जातं, मग हा काळा पडदा कशाला? खरं आहे. ऑनलाइन कागदावर पत्र लिहिताना मधेच उठलात तर अक्षर न अक्षर राहतं. पण राहतं ते लिहिलेलं, चालू असलेलं काम नव्हे. दीड तास चालणारी गोष्ट दुसऱ्या कुणाच्या घरी चालू ठेवावीच लागते. शिवाय ही सोय सगळीकडे आहे असंही नाही. एका कार्यालयाचा ऑनलाइन अर्ज भरताना गेल्या वर्षी माझी सौ.कडे दोन वेळा फेरी झाली. परत येऊन बघतो तर 'आपले सत्र समाप्त झाले आहे', आणि चार पानांची माहिती पुन्हा पहिल्यापासून. बँकेने थोड्या वेळाने बाहेर काढलं तर ते मी समजू शकतो. उघडी तिजोरी कुणी तशीच ठेवत नाही. पण भरलेलं नाव-गाव, जन्मतारीख, शिक्षण पुसून टाकण्यात कसली सुरक्षितता? दार लावा, पण पाटीवरचं पुसू नका. अर्ज तयार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो माणूस असतो तो तरुण असतो, भराभर टंकतो आणि त्याला कुणी हाक मारत नाही. १९८७ सालच्या दोघा जर्मनांना जे सुचलं ते आजच्या अर्जवाल्यांना का सुचू नये, हा माझा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मागे ठेवलेली कामं साचतात. माणूस विसरतो, काम खात राहतं, यंत्र अडतं. २०१६ मध्ये याच कारणावरून मोठा वाद झाला. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांचा कारभार पाहणारी सिस्टमडी नावाची यंत्रणा आहे. तिच्या २३० व्या आवृत्तीत असा नियम झाला की वापरणारा बाहेर पडला की त्याची मागे राहिलेली सगळी कामं आपोआप बंद करायची. म्हणजे स्क्रीन आणि टीमक्ससुद्धा. लोक संतापले. डेबियनवाल्यांनी तो नियम आपल्यापुरता बंद ठेवला. 'या माणसाची कामं मागे राहू द्या' असं यंत्रणेला आधी सांगून ठेवायची सोयही त्यात आहे, पण ती माहीत असायला हवी.

मला त्या नियमवाल्यांचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही. शाळा सुटल्यावर वर्गात दिवे चालू राहिले तर शिपाई ते बंद करणारच. पण एक आहे विसरून जाणं आणि दुसरं आहे लावून ठेवून जाणं. कुकर गॅसवर विसरणं वेगळं आणि दही विरजून ठेवणं वेगळं. दोन्हीत माणूस स्वयंपाकघरात नसतो, म्हणून दोन्ही एकच असं कुणी म्हणणार नाही. टीमक्समध्ये आपण सत्राला नाव देतो आणि बाहेर पडताना वेगळी कळ दाबतो. हे विसरणं नाही, सांगून जाणं आहे. यंत्राने तो फरक मानावा. आणि आपणही आपली बाजू सांभाळावी. मी दर रविवारी 'टीमक्स एलएस' पाहतो. काम संपलेली सत्रं बंद करतो. यादीत तीनपेक्षा जास्त नावं नसावीत असा माझा दंडक आहे.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, मर्यादा आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. टिकणं म्हणजे साठवणं नव्हे. सत्र टिकतं ते दूरचा संगणक चालू आहे तोवरच. तो संगणकच बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर टीमक्स गेला आणि त्यातली सगळी कामंही गेली. टीमक्स-रेझरेक्ट नावाची एक जोड आहे, ती खिडक्या-तावदानांची मांडणी परत उभी करते, पण अर्ध्यावर असलेलं काम जसंच्या तसं जिवंत करत नाही. पडद्यावरून सरकून गेलेल्या ओळीसुद्धा तो ठरावीकच लक्षात ठेवतो. वेगळं काही सांगितलं नाही तर २००० ओळी. म्हणून माझ्या कामात प्रत्येक पान झालं की त्याची फाइल लगेच तयार होते. सत्र गेलं तरी २११ पानं हातात राहतात. दही विरजलं तरी भांडं झाकावं लागतंच.

आणि आपली देवनागरी! टर्मिनल म्हणजे चौकोनांची वही. १९७८ सालचं व्हीटी-१०० नावाचं जे यंत्र आजचे टर्मिनल प्रोग्राम अजून गिरवतात, त्यात ८० रकाने आणि २४ ओळी, एका चौकोनात एक इंग्रजी अक्षर. आपली पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि दिसते मात्र आधी. 'क्ष' मध्ये दोन व्यंजनं आणि एक हलन्त, त्याला चौकोन किती द्यायचे? परिणाम असा की बऱ्याच टर्मिनलांत मराठी ओळ विस्कटते आणि तावदानाची रेघ वाकडी झाल्यासारखी दिसते. फाइलमधला मजकूर ठीक असतो, दिसणं बिघडतं. म्हणून मुद्रितशोधन मी टीमक्समध्ये करत नाही, साध्या एडिटरमध्ये मोठ्या टायपात करतो. टीमक्समध्ये आज्ञा, आकडे आणि याद्या. सत्रांची नावंसुद्धा रोमन लिपीत ठेवतो. मराठीच्या मास्तराला हे बोचतं, पण जे आहे ते आहे.

हे सगळं धरूनही माझं मत बदलत नाही. माझं म्हणणं शेवटी साधनाबद्दल कमी आणि रीतीबद्दल जास्त आहे. संध्याकाळी मी तयार झालेलं एखादं प्रकरण सौ.ला वाचून दाखवतो. ती डाव्या हाताने खूण करते, पुढं वाच. काही प्रकरणं आम्ही आठ दिवसांत संपवली, काही महिनाभर चालली. मधे ताप आला, मधे फिजिओथेरपीचे दिवस आले, मधे काहीच झालं नाही. पण एकही पुस्तक 'आता कुठं होतो कोण जाणे' म्हणून सुटलं नाही. पुस्तकात खुणेचा दोरा असतो, टीमक्समध्ये सत्राचं नाव असतं.

माणूस सांभाळणाऱ्याचं आयुष्य तुकड्यांचं असतं. ते तुकडे जोडून देण्याचं काम त्याच्या आठवणीवर आणि कष्टांवर टाकू नये, जमेल तिथं ते यंत्राने करावं. यंत्र काही थकत नाही.

भाचे-पुतणे, भाच्या-पुतण्या, तुमच्यासाठी एक काम. दिवाळीत घरी याल तेव्हा असं लांबलचक काम करणारं कुणी वडीलधारं घरात असेल, कुणी वंशावळ जमवत असेल, कुणी जुनी गाणी एका साच्यातून दुसऱ्यात घालत असेल, कुणी माझ्यासारखी पानं वाचत असेल, तर त्यांच्याजवळ अर्धा तास बसा. टीमक्स बसवून द्या. एका जाड कागदावर चार आज्ञा मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याशेजारी चिकटवा. आज्ञा इंग्रजी असतील, पण प्रत्येकीपुढे ती काय करते ते मराठीत लिहा. 'मी जातो, तू चालू दे' आणि 'आलो, दाखव', एवढं लिहिलं तरी चालेल.

बघा पटतंय का.